उल्काचा प्रोजेक्ट आणि देवळातला पंखा

पंखा मी लावला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मांडवीत ही गोष्ट आता इतक्या तऱ्हांनी सांगितली जाते, की त्यातल्या एका तऱ्हेत मी देवळाचा कळस पाडलेला आहे.

झालं ते एवढंच. मे महिन्याचा शेवट. आप्पा सुर्व्यांच्या गावचं देऊळ. देवीपुढे आम्ही चौघं: आप्पा, बाबल्या गुरव, उल्का आणि मी. कौल लावायचा होता. ज्यांच्या गावी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवीच्या मूर्तीला दोन भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग प्रश्न घालायचा आणि हात जोडून गप्प उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. आमच्याकडे विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, होडी घ्यायची की नाही, पंचायतीला उभं राहायचं की नाही, सगळं या दोन पाकळ्यांतून जातं. वकिलाचा सल्ला त्यानंतर.

बाबल्याने घसा साफ करून देवीला प्रश्न घातला, "आप्पा म्हणतात, कारखाना पावसात उघडा ठेवायचा, बायांना कामावर ठेवायचं, आठळ्यांचा नवा धंदा करायचा, त्यात पैसा घालायचा, तर होय की नाय ता सांग."

पाकळ्या ढिम्म. आम्ही ढिम्म. उकाडा असा की देवीच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा ओघळायला लागलं होतं. माझ्या पाठीशी खांब होता आणि खांबावर बटण होतं. घरात शिरल्यावर जसा आपोआप हात जातो तसा गेला. गाभाऱ्याच्या दारातच एक पंखा टांगलेला होता, कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. प्रत्येक पात्यावर वडिलांचं नाव. ते वडील आधी सावकाश फिरले, मग भरभर फिरले, मग दिसेनासे झाले, आणि डावी पाकळी सुटून तरंगत बाबल्याच्या पायाशी येऊन बसली.

बाबल्याने आधी पाकळीकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे.

"मास्तर," आप्पा हळूच म्हणाले. मी मास्तर कधीच नव्हतो, जन्मभर एसटीच्या आगारात कारकुनी केली. पण आप्पा रागावले की समोरच्याला मास्तर म्हणतात. "मास्तर, काय केलात ह्यां?"

मी बटण बंद केलं. त्याचा आता काय उपयोग होता म्हणा.

"आप्पा, हा धरायचा नाही," मी म्हटलं. "हा वाऱ्याने पडला."

"आणि वारा कोणाचा? तुमच्या तीर्थरूपांचा? पंखा लावायची बुद्धी तुम्हाला नेमकी आत्ताच झाली, ती काय देवीला विचारल्याशिवाय झाली? डावा तो डावा."

मी खांबापासून दोन पावलं दूर सरकलो. 

मी उल्काकडे बघितलं. मला वाटलं, रडते की काय. कारण ज्या धंद्याबद्दल देवीला विचारलं तो धंदा तिच्या डोक्यातला होता, तो तिचा पदवीचा शेवटचा प्रोजेक्ट होता, आणि तो मी सगळ्यांच्या देखत उडवून लावला होता. पण उल्काच्या चेहऱ्यावर, एखाद्या मुलाने घड्याळ उघडून आत डोकावावं, तसा भाव होता.

"काका," तिने विचारलं, "पंखा कितीवर होता हो?"

ही उल्का.

उल्का पिलणकर आमच्या मांडवीच्या गल्लीत राहते, माझ्या घरापासून तिसरं दार. नवरा नितेश मालवाहू बोटीवर. अर्धं वर्ष समुद्रात, अर्धं वर्ष घरी झोपलेला. बारावीनंतर लगेच लग्न झालं, शिक्षण तिथेच थांबलं. शिरगावला आप्पा सुर्व्यांचा आंबापोळी-फणसपोळीचा लहानसा कारखाना आहे, तिथलं ऑफिस ती सांभाळते. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन आणि उल्का. चाळिशीला टेकल्यावर तिने बाहेरून परीक्षा देऊन व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्यायचं ठरवलं. गल्लीत जो तो कारण विचारायला गेला. मीही गेलो, मागे का राहू?

"नितेशचा बोटीवरून फोन येतो," ती म्हणाली. "रोज विचारतो, आज काय केलंस? रोज तेच सांगून कंटाळा आला. म्हटलं, सांगायला काहीतरी होईल."

पदवीचं इतकं सरळ कारण मी कधी ऐकलं नव्हतं.

तिचा खरा व्यवसाय म्हणजे प्रश्न विचारणं. लग्नाच्या पंगतीत ती वाढप्याला विचारणार, भात आधी का आणि जिलबी मागून का, उलटं केलं तर लोक कमी खातील का? दाताच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना तिने हाताच्या खुणांनी काहीतरी विचारलं होतं आणि तो बिचारा दात सोडून उत्तर देत बसला. माझ्या निवृत्तीच्या समारंभात तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, शाल आणि नारळ ह्यातलं माणसाला खरं लागतं ते काय?" मी अजून विचार करतोय. शाल पडून आहे.

तर अशा बाईला प्रोजेक्ट करायला सांगितला म्हणजे मांजराला मासळीबाजाराची राखण दिली. अभ्यासकेंद्रावर तिला मगदूमसर मार्गदर्शक मिळाले. सांगलीकडचा तरुण माणूस, समुद्राला अजून बिचकणारा, माशाच्या वासाला दुरून वळसा घालणारा, पण कामाला चोख. त्यांनी सांगितलं, "मॅडम, नुसतं कागदावर चालणार नाही बघा. सूचना केली तर ती करून दाखवायची. थोडी का असेना, पण प्रत्यक्ष. त्याशिवाय मी सही करत नाही."

उल्काने विषय हेरला तो कारखान्याच्या मागच्या अंगणात. फणसपोळीसाठी गरे काढले की आठळ्यांचा, म्हणजे आतल्या बियांचा, ढीग पडतो. थोड्या बाया घरी नेतात, बाकीच्या माडांच्या मुळाशी जातात. उल्काचं म्हणणं, या आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडायच्या, सोलायच्या, हवा काढलेल्या पाकिटांत बंद करायच्या. पोळीची पाकिटं बंद करणारं यंत्र आहेच. पाऊस लागला की आप्पा कारखान्याला कुलूप लावतात ते थेट थंडीत काढतात. तोवर बायांना काम नाही आणि उल्काच्या टेबलालाही नाही. आठळ्यांनी निदान पावसाचे पहिले दिवस तरी निघतील. सखूमावशी ही तिथली सगळ्यांत जुनी कामकरीण; तिला हे कळल्यावर ती म्हणाली, "कर गो बाय. नायतर चार म्हयने सुनेचा तोंड बघत बसायचा. आणि ती माजा."

प्रोजेक्टात कंपनीचं सामर्थ्य, उणिवा, संधी आणि धोके लिहावे लागतात. त्यासाठी तिने आप्पांनाच विचारलं, "आप्पा, आपल्या कारखान्याची उणीव काय?"

"उणीव?" आप्पा म्हणाले. "तू बोलतेस फार. ती लिही."

तिने लिहिली. आणि सामर्थ्याच्या रकान्यातही तीच लिहिली.

आप्पा माणूस वाईट नाहीत. पण वडिलांपासून चालत आलेली रीत अशी की नवीन काही करायचं तर देवीला विचारून. योजना त्यांनी ऐकली, दोनदा ऐकली, आणि म्हणाले, "कौल लावू. उजवा आला तर तुझा प्रोजेक्ट आणि माझा कारखाना. डावा आला तर माझ्यापुढे विषय काढायचा नाय." म्हणून त्या दिवशी आम्ही देवळात होतो. माझं तिथे काही काम नव्हतं. गाडी मी चालवतो म्हणालो, ते निव्वळ बघायला मिळावं म्हणून. चौकशी हा आमच्या मांडवीचा जोडधंदा आहे.

तर डावा पडला. आप्पा पायऱ्या उतरायला लागले. उल्का मात्र बाबल्याला सोडायला तयार नव्हती.

"तोच प्रश्न परत विचारता येतो?"

"छ्या! देवीला काय बहिरी समजलीव?"

"आणि दुसरा?"

"दुसरा येतो. कधीपण येतो."

"दुसरा म्हणजे किती दुसरा?"

बाबल्याने माझ्याकडे असं बघितलं, की हिला आणलीत तुम्ही, आता उत्तरही तुम्हीच द्या. मग डोकं खाजवून म्हणाला, "आता ता कसा सांगू? दुसरा म्हणजे... दुसरा."

परतीच्या वाटेवर गाडी मीच चालवत होतो. आप्पा पुढे, उल्का मागे. पुलावर आल्यावर मागून आवाज आला, "आप्पा, तुम्ही एका दमात चार गोष्टी विचारल्यात. कारखाना उघडा ठेवू, बायांना ठेवू, आठळ्या करू, पैसा घालू. देवी नाही म्हणाली ती कशाला?"

"सगळ्याला."

"असं कशावरून? कदाचित पैशाला म्हणाली असेल."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. पैशाला नाही म्हणणारी देवी त्यांना मनातून आवडलेली दिसली. पण म्हणाले, "मला नको शिकवू." तरी पहिल्याइतकं जोरात नाही म्हणाले.

माझ्या मनाला टोचणी होती. मी तिला मदत करायचं ठरवलं, आणि तिच्या प्रोजेक्टातला सगळ्यांत निरुपयोगी भाग त्यातूनच तयार झाला. मगदूमसरांनी बाजाराची पाहणी करायला सांगितलीच होती. मी म्हटलं, चल, आपल्या मांडवीपासून सुरुवात करू. आम्ही दोघं घरोघर गेलो. प्रश्न सोपा होता: उकडून सोललेल्या आठळ्या पाकिटात मिळाल्या, तर तुम्ही विकत घ्याल का?

"विकत?" पहिल्या घरातल्या काकू म्हणाल्या. "आठळ्या? काय गो उल्का, पाऊस लागायच्या आधीच सर्दी डोक्यात गेली?" आणि आत जाऊन राखेत घोळून ठेवलेल्या आठळ्यांची पिशवी घेऊन आल्या. "घे. तुला हव्यात तर माग ना सरळ. लाजतेस काय?"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी आजोबांनी आठळ्यांबरोबर चार आमसुलंही बांधून दिली. एका घरी तर "आठळ्या विकत घेण्याची वेळ आली की काय पिलणकरांवर" असं वाटून वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, नितेश बोटीवरून पैसे पाठवतो ना नीट? संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा होकार देणारं गिऱ्हाईक एकही मिळालं नव्हतं आणि माझ्या दोन्ही हातांत जड पिशव्या होत्या.

उल्काने मगदूमसरांना फोनवर सगळं खरं सांगितलं.  मग सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गिऱ्हाईक शोधायला गेला होता का कच्चा माल?"

मी खजील झालो. उल्का मात्र त्या पिशव्यांकडे बघत बसली. "काका, गंमत आहे नाही? सगळ्यांकडे आहेत, सगळ्यांना आवडतात, सगळ्यांनी राखेत जपून ठेवल्यात आणि विकत कुणीच घेणार नाही. मग ज्याला आवडतात पण ज्याच्याकडे राख नाही, तो माणूस कुठे असेल?"

तो सापडला दुसऱ्या दिवशी, गल्लीच्या टोकाला. तिथे होडेकरांचं घर आहे. जन्नतभाभींचा मुलगा हमझा दुबईत नोकरीला. आम्ही प्रश्न विचारला तर भाभी हसतच सुटल्या. "अगं, विकत कशाला घेऊ? मीच करते. हमझाची सुट्टी संपत आली की माझं हेच काम. उकडा, सोला, डब्यात भरा, फ्रीजरात ठेवा. मागल्या वेळी त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि आठळ्या जास्त. विमानतळावर त्या यंत्रात बघून साहेबाने विचारलं, हे काय आहे? हा म्हणाला, बिया आहेत. साहेब म्हणाला, लावणार कुठे, वाळवंटात?"

"आणि तयार पाकीट मिळालं तर?" उल्काने विचारलं.

भाभी थांबल्या. आपली बोटं बघितली. आठळ्यांची ती तांबडी साल काढताना नखांत जाते, ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. "सोललेल्या?"

"सोललेल्या."

"तर मग फक्त मला नको. माझ्या बहिणीचा मुसा कुवेतला आहे. नणंदेची झारा तिच्या नवऱ्याबरोबर मस्कतला. सगळ्यांच्या बॅगा इथूनच भरतात. कधी देतेस सांग."

घरी येताना उल्का माझ्यापुढे चार पावलं चालत होती. 

त्या आठवड्यात तिने प्रोजेक्टाचं नावच बदललं. आधी होतं "हंगामी उद्योगाची पावसाळी विस्तार-योजना". नुसतं नाव वाचूनच माझ्या अंगाला घाम सुटायचा. आता झालं "परगावी जाणाऱ्यांच्या बॅगेतील आठळी: एक छोटा प्रयोग". मगदूमसर म्हणाले, नाव जरा भारदस्त पाहिजे. उल्का म्हणाली, बॅग भारदस्त असते, आठळी नसते. सरांनी सोडून दिलं. पण अट तीच: आषाढाच्या आत पाकिटं प्रत्यक्ष गेली पाहिजेत, नाहीतर सही नाही आणि वर्ष फुकट.

ती आप्पांकडे गेली. कागद न नेता गेली. म्हणाली, "आप्पा, कारखाना उघडा ठेवू नका. पैसा घालू नका. मागची पडवी द्या, एक शेगडी द्या, सखूमावशी आणि दोघी-तिघी द्या. आषाढ लागेपर्यंत. एवढंच देवीला विचारू."

"परत कौल?"

"हा दुसरा प्रश्न आहे. बाबल्यादादा म्हणाला, दुसरा चालतो."

आप्पांनी विचार केला. मग म्हणाले, "ठीक हाय. पण मास्तर येणार नायत."

मी गेलो. पण मला आत येऊ दिलं नाही. पायरीखाली जिथे चपला काढतात तिथे बसवलं, आणि खांबाजवळ जायचं नाही असं बजावलं. तेवढ्यावर आप्पांचं समाधान झालं नाही. त्यांनी देवळाचा मुख्य खटकाच खाली पाडला. पंखा बंद, दिवेही बंद. बाबल्या अंधारात पाकळ्या चिकटवायला लागला आणि म्हणाला, "आप्पा, मला दिसत नाय, देवीला काय दिसणार?" मग समई लावली. मग समईची ज्योत हलते म्हणून दार अर्धं लोटलं. एका कौलासाठी इतकी सावधगिरी त्या देवळाने कधी पाहिली नसेल.

आतून बाबल्याचा आवाज आला. या वेळी प्रश्न एवढासा होता. मागची पडवी, एक शेगडी, आषाढ लागेपर्यंत, परगावी पाठवण्यापुरत्या आठळ्या. मग काहीच ऐकू येईना. मी चपला बघत बसलो. आप्पांच्या, झिजून एका बाजूला कललेल्या. बाबल्याच्या, निळ्या रबरी. उल्काच्या, पट्टा तुटून शिवलेल्या. वाऱ्याची झुळूक आली तरी मी दचकायचो, की आता हीसुद्धा माझ्याच नावावर लागेल. एक कुत्रं येऊन देवळाकडे तोंड करून उभं राहिलं. त्याला मी हाकललं नाही, तेवढीच सोबत.

दार उघडलं. आधी आप्पा बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांचा चेहरा एरवीही बंद कारखान्यासारखाच असतो. चपला घालता घालता ते मला म्हणाले, "उजवा." आणि जरा थांबून, "बघितलात? पंखा नसला की कसा नीट पडतो."

मागून उल्का आली. ती हसत नव्हती की काही नाही. बाबल्याला विचारत होती, "दादा, उजवी पाकळी जरा जास्त भिजवलेली होतीस का रे?" बाबल्या हात जोडून म्हणाला, "बाय, जा आता घरी."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. पाकिटं झाली. पहिली जन्नतभाभींनी नेली. त्यातली काही दुबईला पोचली आणि काही, असा माझा दाट संशय आहे, होडेकरांच्याच घरी संपली. हमझाने तिकडून फोन करून मित्रांसाठी आणखी मागवली. उल्काने प्रोजेक्ट लिहिला, बांधून घेतला. निर्णय कसा घेतला या प्रकरणात तिने दोन्ही कौल जसेच्या तसे लिहिले, पंख्यासकट. मगदूमसरांनी आधी डोक्याला हात लावला. "मॅडम, हा डेटा कुठल्या नावाखाली टाकू मी?" पण वाचता वाचता ते गुंतले. प्रश्न लहान केल्यावर उत्तर का बदललं यावर तिने जे लिहिलं होतं ते दोनदा वाचून त्यांनी सही केली. आणि निघताना, कुणी ऐकत नाही असं बघून, तिला हळूच विचारलं, "तिथं बदलीचं विचारता येतं का हो?"

ती पास झाली. किती टक्के मिळाले ते विचारू नका; मी विचारलं तर म्हणाली, तुम्हाला मॅट्रिकला किती होते ते आधी सांगा.

आषाढातल्या एका दुपारी मी शिरगावला काही कामाने गेलो होतो, म्हणून कारखान्याच्या मागच्या पडवीत डोकावलो. आप्पांनी आषाढापर्यंतची मुदत आषाढ संपेपर्यंत केली होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, 'लागेपर्यंत' आणि 'संपेपर्यंत' यात काय मोठा फरक? शेगडीवर पातेलं उकळत होतं, बाया पाय पसरून साली काढत होत्या, सखूमावशी सुनेविषयी काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. उल्काने मला केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम आठळ्या दिल्या. खाता खाता इतके दिवस मनात घोळत असलेला प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. त्या दुसऱ्या कौलाच्या वेळी मी चपलांपाशी बसून घामाघूम झालो होतो, आणि ती मात्र अशी निवांत बाहेर आली होती की मला आश्चर्यच वाटलं होतं.

"उल्का, खरं सांग," मी म्हटलं, "त्या दिवशी परत डावा पडला असता, तर काय केलं असतंस गो?"

तिने पातेल्यातला झारा निथळवला, माझ्या पानावर आणखी चार आठळ्या टाकल्या आणि म्हणाली,

"पहिलं पातेलं मी सकाळीच उकडून आले होते."